महाराष्ट्र व गोव्यातील फुटबॉल चाहत्यांचा असंतोष

फुटबॉल चाहत्यांचा असंतोष म्हणजे एखाद्या क्लबच्या पाठीराख्यांनी आपल्याच क्लबच्या प्रशिक्षकाविषयी, व्यवस्थापनाविषयी अथवा मालकांविषयी व्यक्त केलेली सामूहिक नाराजी होय. प्रतिस्पर्धी संघाविषयीच्या वैरभावाहून ही भावना भिन्न आहे, कारण तिचा उगम आपुलकीत असतो. महाराष्ट्र व गोवा या दोन राज्यांत इ.स. २००७ नंतर व्यावसायिक क्लबांची संख्या वाढली आणि त्याबरोबर या असंतोषाची काही ठळक उदाहरणे घडली. मुंबई एफसी, एफसी पुणे सिटी आणि एफसी गोवा ही त्यांपैकी प्रमुख होत. या सर्व प्रकरणांत एक समान सूत्र आढळते. चाहत्यांचा रोष प्रथम प्रशिक्षकावर येतो आणि प्रशिक्षक बदलतो. क्लबच्या भवितव्याचे निर्णय मात्र मालक घेतात, आणि त्या निर्णयांत चाहत्याला कोणतेही औपचारिक स्थान नसते.

स्वरूप

फुटबॉलमध्ये प्रशिक्षक हा संघाचा सर्वांत दृश्य प्रतिनिधी असतो. अकरा खेळाडूंची निवड, खेळाची पद्धत, राखीव खेळाडू केव्हा उतरवायचा, हे निर्णय तो सर्वांच्या डोळ्यांसमोर घेतो. सामना चालू असता तो मैदानाच्या कडेला उभा असतो व सामना संपल्यावर पत्रकारांना तोच उत्तरे देतो. याउलट खेळाडूंच्या खरेदीसाठी किती पैसा द्यायचा, सरावासाठी कोणते मैदान मिळवायचे, युवा संघांवर किती खर्च करायचा, हे निर्णय बंद दाराआड होतात. पराभवाची कारणे या दुसऱ्या प्रकारच्या निर्णयांत असली तरी प्रेक्षकांची हुर्यो प्रशिक्षकाच्याच वाट्याला येते.

असंतोषाची कारणे साधारणपणे तीन प्रकारची असतात. पहिले कारण खेळाशी निगडित असते: सलग पराभव, बचावात्मक खेळ, स्थानिक खेळाडूंना डावलणे इत्यादी. दुसरे कारण व्यवस्थापनाशी निगडित असते: लोकप्रिय खेळाडूंना जाऊ देणे, प्रशिक्षक वारंवार बदलणे, तिकिटांचे दर किंवा घरचे मैदान बदलणे. तिसरे कारण क्लबच्या अस्तित्वाशी व ओळखीशी संबंधित असते: क्लबचे नाव, रंग वा शहर बदलणे किंवा क्लब बंद करणे. पहिल्या प्रकारची नाराजी एखाद्या विजयाने ओसरू शकते. तिसऱ्या प्रकारची नाराजी पिढ्यानपिढ्या टिकल्याची उदाहरणे जगभर आहेत.

पार्श्वभूमी

भारतात राष्ट्रीय पातळीवरील फुटबॉल साखळी स्पर्धा इ.स. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग या नावाने सुरू झाली. इ.स. २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली. या काळातील महाराष्ट्रातील प्रमुख संघ कंपन्यांचे अथवा सरकारी आस्थापनांचे होते. त्यांत मुंबईच्या महिंद्र युनायटेडचे स्थान वरचे होते. या संघाने २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. तरीही २००९–१० च्या हंगामानंतर कंपनीने संघ बंद केला. राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेला संघही मालकाच्या एका निर्णयाने नाहीसा होऊ शकतो, याचे महाराष्ट्रातील हे पहिले मोठे उदाहरण म्हणता येईल.

इ.स. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही फ्रँचायझी पद्धतीची स्पर्धा सुरू झाली. मुंबई सिटी एफसी, एफसी पुणे सिटी व एफसी गोवा हे तिचे संस्थापक संघ होते. फ्रँचायझी पद्धतीत संघ हा गुंतवणूकदाराचा असतो. त्याला शुल्क भरून स्पर्धेत स्थान मिळते आणि तळाला राहिल्याने ते स्थान जात नाही. आय-लीगमध्ये मात्र शेवटच्या संघाची खालच्या श्रेणीत पदावनती होत असे. काही वर्षे या दोन्ही स्पर्धा समांतर चालल्या. त्यांपैकी श्रेष्ठ कोणती, या वादाचा परिणाम आय-लीगमधील क्लबांवर व त्यांच्या चाहत्यांवर झाला.

या वादात गोव्याची हानी विशेष झाली. धेंपो क्लबने राष्ट्रीय लीग व आय-लीग मिळून पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. साळगावकर क्लबने १९९८–९९ ची राष्ट्रीय लीग व २०१०–११ ची आय-लीग जिंकली होती. आयएसएलला सर्वोच्च श्रेणी देण्याची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची योजना पुढे येताच इ.स. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लुब द गोवा आणि धेंपो या क्लबांनी निषेध म्हणून आय-लीगमधून माघार घेतली. या क्लबांच्या पाठीराख्यांपुढे विचित्र प्रसंग उभा राहिला. त्यांचा संघ हरला नव्हता व प्रशिक्षकही चुकला नव्हता. तरीही पुढच्या हंगामात राष्ट्रीय स्पर्धेत टाळ्या वाजवायला त्यांचा संघ उरला नाही.

मुंबई एफसी

मुंबई एफसी या क्लबची स्थापना इ.स. २००७ मध्ये एस्सेल समूहाने केली. दक्षिण मुंबईतील कूपरेज हे त्याचे घरचे मैदान होते. महिंद्र युनायटेडचे प्रशिक्षक राहिलेले इंग्लंडचे डेव्हिड बूथ हे क्लबचे पहिले प्रशिक्षक होत. इ.स. २००८ मध्ये आय-लीगची द्वितीय श्रेणी जिंकून क्लब वरच्या श्रेणीत आला. पिवळा हा संघाचा रंग होता आणि त्यावरूनच पाठीराख्यांच्या गटाला यलो ब्रिगेड असे नाव पडले.

इ.स. २००९ मध्ये खालिद जमील यांच्याकडे संघाची सूत्रे आली. ते स्वतः मुंबईतील क्लबांकडून खेळलेले होते व खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द याच क्लबमध्ये संपली होती. त्यांनी सलग सात हंगाम प्रशिक्षकपद सांभाळले. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये इतकी दीर्घ कारकीर्द दुर्मिळ आहे. या काळात कूपरेज मैदानाच्या नूतनीकरणामुळे संघाला काही वेळा घरचे सामने पुण्यातील बालेवाडी येथे खेळावे लागले. मोठ्या क्लबांच्या तुलनेत आर्थिक बळही कमी होते. संघ विजेतेपदाच्या शर्यतीत कधी आला नाही, तसाच तो पदावनतही झाला नाही. जमील यांची पद्धत सावध व बचावाला महत्त्व देणारी होती. दरवर्षी तळाच्या संकटातून संघ वाचविणे एवढेच आपल्या क्लबचे ध्येय असावे काय, असा प्रश्न चाहत्यांत विचारला जाई. पुढील घटनांनी त्या प्रश्नाला अनपेक्षित उत्तर दिले.

इ.स. २०१६ मध्ये जमील क्लबमधून बाहेर पडले. त्यांच्या जागी संतोष कश्यप यांची नेमणूक झाली. कश्यप हे अनुभवी प्रशिक्षक होते. २०१४–१५ च्या आय-लीगमध्ये शिलाँगच्या रॉयल वाहिंगडोह या संघाने त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तिसरे स्थान मिळविले होते. परंतु २०१६–१७ च्या हंगामात मुंबई एफसीची घसरण होत गेली. विजय दुर्मिळ झाले आणि कूपरेजवरील प्रेक्षकांचा रोष प्रशिक्षकावर उघडपणे व्यक्त होऊ लागला. हंगाम संपण्यापूर्वीच कश्यप यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले, पण संघ सावरला नाही. दहा संघांच्या स्पर्धेत मुंबई एफसी शेवटच्या स्थानी राहिला व पदावनत झाला.

त्याच हंगामात खालिद जमील मिझोरमच्या ऐजॉल एफसीचे प्रशिक्षक होते. ऐजॉल हा संघ आदल्या हंगामात पदावनत झालेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळेच त्याला पुन्हा स्थान देण्यात आले होते. जमील यांच्याबरोबर मुंबईचे जयेश राणे व आशुतोष मेहता हे खेळाडूही तिकडे गेले होते. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग येथे लाजाँग संघाविरुद्ध १–१ अशी बरोबरी साधून ऐजॉलने आय-लीगचे विजेतेपद मिळविले. दुसऱ्या स्थानावरील मोहन बागानपेक्षा त्यांचा केवळ एक गुण अधिक होता. ईशान्य भारतातील संघाने राष्ट्रीय साखळी जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

एकाच हंगामात जुना प्रशिक्षक विजेता ठरला आणि जुना क्लब तळाला गेला, यामुळे मुंबई एफसीच्या चाहत्यांच्या रोषाची दिशा बदलली. सात वर्षे ज्यांच्या सावध खेळावर टीका झाली होती, त्यांनी संघाला काय दिले होते हे त्यांच्या जाण्यानंतर दिसून आले. प्रश्न आता प्रशिक्षकाकडून त्याची निवड करणाऱ्यांकडे वळला. परंतु तो विचारण्यास अवधी उरला नाही. पदावनतीनंतर क्लब राष्ट्रीय साखळीत परतला नाही. प्रशिक्षक बदलावा ही चाहत्यांची मागणी पूर्ण झाली होती, पण क्लब टिकावा ही अपेक्षा अपूर्ण राहिली.

पुण्यातील क्लब

पुण्यात २००७ ते २०१९ या बारा वर्षांत चार व्यावसायिक क्लब राष्ट्रीय पातळीवर खेळले व चारही लुप्त झाले. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी (स्थापना २००७) हा त्यांतील सर्वांत स्थिर क्लब होता. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २०१२–१३ च्या आय-लीगमध्ये तो उपविजेता ठरला. त्याच्या युवा अकादमीचा लौकिक देशभर होता. तरीही इ.स. २०१५ मध्ये मालकांनी क्लब बंद करण्याचा निर्णय घेतला. अकादमी पुढे एफसी पुणे सिटीकडे गेली. कल्याणी समूहाच्या भारत एफसीने २०१४–१५ चा एकच हंगाम खेळला. तळाचे स्थान मिळाल्यावर तोही बंद झाला. डीएसके शिवाजियन्स हा संघ २०१५ ते २०१७ या काळात आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळून बाहेर पडला.

आयएसएलमधील एफसी पुणे सिटी हा या मालिकेतील चौथा क्लब. वाधवान समूह व अभिनेता हृतिक रोशन हे त्याचे मालक होते. ऑरेंज आर्मी या पाठीराख्यांच्या गटाने बालेवाडीच्या प्रेक्षागृहात नारंगी रंगाची परंपरा निर्माण केली होती. रांको पोपोविच यांच्या प्रशिक्षणाखाली २०१७–१८ च्या हंगामात संघ प्रथमच उपान्त्य फेरीत पोहोचला. तेथे बंगळूरू एफसीने त्याचा पराभव केला. तथापि हे यश ज्यांच्या काळात मिळाले ते पोपोविच पुढील हंगामात प्रशिक्षक नव्हते.

त्यानंतरच्या काही महिन्यांत क्लबने प्रशिक्षकांची जी अदलाबदल केली ती भारतीय फुटबॉलमधील व्यवस्थापकीय अस्थिरतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. प्रथम ब्राझीलचे मार्कोस पाकेटा यांची नेमणूक जाहीर झाली. हंगाम सुरू होण्यापूर्वीच ते ब्राझीलमधील बोटाफोगो क्लबकडे गेले. मग स्पेनचे मिगेल आंखेल पोर्तुगाल आले. तीन सामन्यांनंतर त्यांची गच्छंती झाली. प्रद्युम्न रेड्डी यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून धुरा वाहिली आणि डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंडचे फिल ब्राउन रुजू झाले. एका वर्षाच्या आत पाच नावे चाहत्यांसमोर आली. अशा स्थितीत एखाद्या प्रशिक्षकाच्या खेळपद्धतीवर नाराज होण्यासही प्रेक्षकाला पुरेसा अवधी मिळत नाही. त्यामुळे येथील नाराजी व्यवस्थापनावर केंद्रित झाली.

इ.स. २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे क्लब बंद झाला. आयएसएलमधील त्याचे स्थान नव्या मालकांनी घेतले व त्यातून हैदराबाद एफसी हा संघ निर्माण झाला. प्रशिक्षक ब्राउन व अनेक खेळाडू हैदराबादला गेले. पुढे २०२१–२२ मध्ये हैदराबादने आयएसएलचे विजेतेपद मिळविले, पण तोपर्यंत बालेवाडीशी त्या संघाचा काहीही संबंध उरला नव्हता. संघ, प्रशिक्षक व स्पर्धेतील स्थान या तिन्ही गोष्टी स्थलांतर करू शकतात. पाठीराखा मात्र आपल्या शहरातच राहतो, हे पुण्याच्या उदाहरणाने स्पष्ट झाले.

एफसी गोवा आणि लोबेरा प्रकरण

वरील उदाहरणांत चाहत्यांचा रोष अपयशातून निर्माण झाला होता. एफसी गोवाच्या बाबतीत तो यश मिळत असताना उद्भवला. इ.स. २०१७ मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा या क्लबचे प्रशिक्षक झाले. लहान पासांचा व आक्रमक खेळ ही त्यांची ओळख होती. त्यांच्या काळात गोव्याने २०१८–१९ च्या आयएसएलची अंतिम फेरी गाठली व एप्रिल २०१९ मध्ये सुपर कप जिंकला. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवरील प्रेक्षकांना हा खेळ मनापासून आवडत असे. गोव्यात फुटबॉल पाहणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या असल्याने संघ जिंकतो की हरतो याइतकाच तो कसा खेळतो हाही तेथे चर्चेचा विषय असतो.

३१ जानेवारी २०२० रोजी क्लबने लोबेरा यांना पदावरून दूर केले. त्यावेळी संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी होता आणि साखळी फेरीचे तीनच सामने उरले होते. प्रशिक्षक व व्यवस्थापन यांच्यातील मतभेद हे त्यामागील कारण असल्याचे सांगितले गेले, परंतु चाहत्यांना हा निर्णय अनाकलनीय वाटला. अंतरिम जबाबदारी गोव्याचेच माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आली. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरला ५–० असे नमवून गोव्याने लीग विजेत्याची ढाल मिळविली. त्यामुळे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीस पात्र ठरणारा तो पहिला भारतीय क्लब झाला. उपान्त्य फेरीत मात्र चेन्नईयिन संघाने दोन सामन्यांत मिळून ६–५ अशा गोलफरकाने त्याला बाहेर काढले.

प्रकरण येथे संपले नाही. लोबेरा २०२०–२१ च्या हंगामासाठी मुंबई सिटी एफसीकडे गेले. सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचे ६५ टक्के भाग घेतले होते व आर्थिक बळ वाढले होते. ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल व मंदारराव देसाई हे गोव्याचे प्रमुख खेळाडूही मुंबईत दाखल झाले. उपान्त्य फेरीत मुंबईने गोव्यालाच पेनल्टीवर ६–५ असे हरविले आणि पुढे ढाल व चषक दोन्ही पटकावले. प्रेक्षकांविना झालेला हा सारा हंगाम महामारीमुळे गोव्यातच खेळला गेला. त्यामुळे गोमंतकीय चाहत्यांना आपल्या जुन्या प्रशिक्षकाचे व खेळाडूंचे यश आपल्याच भूमीवर, परंतु दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहावे लागले.

कोल्हापूरची तालीम परंपरा

महाराष्ट्रात व्यावसायिक क्लबांपेक्षा पूर्णतः निराळी अशी फुटबॉल संस्कृती कोल्हापुरात आहे. येथील संघ पेठांतील तालीम मंडळांचे व तरुण मंडळांचे आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही त्यांतील काही प्रसिद्ध नावे होत. स्थानिक स्पर्धांचे नियमन कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था करते व प्रमुख सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात. इ.स. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच होय.

तालीम मंडळात चाहता व क्लब यांच्यात अंतर नसते. खेळाडू त्याच गल्लीतला असतो, प्रशिक्षक बहुधा मंडळाचाच माजी खेळाडू असतो आणि कार्यकर्ते चौकात रोज भेटतात. संघ हरला तर कारणांची विचारणा त्याच संध्याकाळी कट्ट्यावर होते. ज्येष्ठ मंडळींना उत्तर द्यावे लागते. ही व्यवस्था निर्दोष नाही. पेठांमधील ईर्ष्या टोकाला जाऊन समर्थकांत हाणामाऱ्या झाल्या आहेत व हुल्लडबाजीमुळे सामने थांबविण्याची वेळ आली आहे. बाहेरून मानधनावर आणलेल्या खेळाडूंमुळे स्थानिक मुलांना संधी मिळत नाही, अशी तक्रारही होत असते. तथापि संघ वाईट खेळला म्हणून तालीम दुसऱ्या शहरात गेली, असे मात्र येथे घडत नाही. मंडळ पेठेचे असल्याने ते विकता येत नाही. मुंबई व पुण्यातील क्लब दहा-बारा वर्षांत लोप पावले आणि तालमींचे संघ पिढ्यानपिढ्या टिकले, या फरकाच्या मुळाशी हीच बाब आहे.

अन्यत्र आढळणारी उदाहरणे

कोलकाता येथील मोहन बागान व ईस्ट बंगाल हे सभासदांच्या संस्थांतून वाढलेले क्लब आहेत. नव्या गुंतवणूकदारांशी करार करताना सभासदांच्या हक्कांचा प्रश्न तेथे वेळोवेळी उपस्थित झाला. २१ जुलै २०२१ रोजी गुंतवणूकदाराबरोबरच्या रखडलेल्या करारावरून ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी क्लबच्या तंबूबाहेर निदर्शने केली. त्यांच्यावर पोलिसांनी लाठीमार केला. मोहन बागानच्या चाहत्यांनी इ.स. २०२० मधील एकत्रीकरणानंतर नावाआधी लागलेली ‘एटीके’ ही अक्षरे काढावीत यासाठी दीर्घकाळ आंदोलन केले. १८ मार्च २०२३ रोजी संघाने आयएसएलचे विजेतेपद मिळविल्यावर मालकांनी नाव बदलण्याची घोषणा केली. भारतात चाहत्यांच्या मागणीपुढे मालकांनी नमते घेतल्याचे हे ठळक उदाहरण आहे. केरळ ब्लास्टर्सच्या मंजप्पडा या गटाने डिसेंबर २०२४ मध्ये तिकिटांवर बहिष्कार घालून व्यवस्थापनाचा निषेध केला. त्याच महिन्यात क्लबने प्रशिक्षक मिकाएल स्टाहरे यांना दूर केले. चाहत्यांचा रोख व्यवस्थापनावर असताना पद गेले ते प्रशिक्षकाचे.

युरोपात चाहत्यांचे अधिकार देशोदेशी भिन्न आहेत. जर्मनीत ‘५० अधिक १’ या नियमानुसार क्लबमधील बहुसंख्य मते सभासदांच्या संस्थेकडे राहणे सामान्यतः आवश्यक असते. स्पेनमधील बार्सिलोना क्लबचा अध्यक्ष सभासदांच्या मतदानाने निवडला जातो. १४ ऑगस्ट २०२० रोजी बायर्न म्युनिककडून ८–२ असा पराभव झाल्यावर तेथेही प्रथम प्रशिक्षक किके सेतिएन यांचीच गच्छंती झाली. परंतु सभासदांनी पुरेशा स्वाक्षऱ्या गोळा करून अध्यक्षांविरुद्ध अविश्वासाची प्रक्रिया सुरू केली. त्याच वर्षी २७ ऑक्टोबर रोजी अध्यक्ष जोसेप मारिया बार्तोमेऊ यांनी राजीनामा दिला. इंग्लंडमध्ये विम्बल्डन क्लबच्या स्थलांतरास इ.स. २००२ मध्ये परवानगी मिळाल्यावर पाठीराख्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला. तो खालच्या श्रेणीतून चढत व्यावसायिक साखळीत पोहोचला. पुण्याचा क्लब हैदराबादला गेला त्या प्रसंगाशी या घटनेचे साम्य आहे. मात्र विम्बल्डनसमोर खालपासून वरपर्यंत बढतीची शिडी उपलब्ध होती. पुण्यातील चाहत्यांसमोर तशी सुकर वाट नव्हती.

निषेधाचे मार्ग व त्यांच्या मर्यादा

चाहत्यांच्या निषेधाचे रूढ मार्ग पुढीलप्रमाणे आहेत. सामना चालू असताना फलक धरणे व घोषणा देणे हा सर्वांत जुना मार्ग होय. ठरावीक मिनिटाला स्तब्ध राहणे किंवा प्रेक्षागृह सोडून जाणे, सामन्यावर वा तिकिटांवर बहिष्कार घालणे, क्लबचे साहित्य न घेणे, खुले पत्र लिहिणे आणि समाजमाध्यमांवर मोहीम चालविणे हेही मार्ग अवलंबिले जातात. यांपैकी बहिष्काराचा परिणाम क्लबच्या उत्पन्नात तिकीटविक्रीचा वाटा किती आहे यावर अवलंबून असतो. जेथे खर्चाचा मोठा भार मालक समूह व प्रायोजक उचलतात, तेथे रिकाम्या खुर्च्यांनी मालकाचे आर्थिक नुकसान फारसे होत नाही. उलट ‘या शहरात फुटबॉलला प्रतिसाद नाही’ असा निष्कर्ष काढण्यास त्याला आधार मिळू शकतो. महाराष्ट्रातील क्लबांच्या चाहत्यांपुढे ही कोंडी कायम राहिली आहे.

निषेधाने मर्यादा ओलांडल्यास त्याचा फटका व्यक्तीला बसतो. प्रशिक्षक वा खेळाडूला शिवीगाळ करणे, धक्काबुक्की करणे, वंशावरून वा प्रांतावरून अपमान करणे हे स्पर्धांच्या शिस्तविषयक नियमांनुसार दंडनीय आहे. त्यासाठी घरच्या क्लबलाही शिक्षा होऊ शकते. शिवाय अशा वर्तनाने ज्याच्याकडे निर्णयाचे अधिकार सर्वांत कमी आहेत तोच सर्वाधिक सोसतो. प्रशिक्षकाचा करार बहुधा एक-दोन हंगामांचा असतो व क्लबचा ताळेबंद त्याच्या हाती नसतो.

प्रशिक्षक बदलल्याने कामगिरी सुधारते काय, हा प्रश्नही चर्चिला जातो. उपरोक्त उदाहरणांत मुंबई एफसीला हंगामाच्या मध्यात केलेल्या बदलाचा लाभ झाला नाही. एफसी गोवाने ढाल जिंकली, परंतु तो संघ आधीच अग्रस्थानी होता. याउलट जमील यांना मुंबईत मिळालेला सात हंगामांचा अवधी व त्यानंतरचे ऐजॉलचे यश हे स्थैर्याच्या बाजूने दिले जाणारे उदाहरण आहे.

सद्यःस्थिती

भारतीय क्लब फुटबॉलच्या अस्थिरतेचा प्रश्न पुढे एका क्लबपुरता मर्यादित राहिला नाही. महासंघ व आयएसएलची आयोजक कंपनी यांच्यातील कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती. नव्या कराराविषयी निर्णय न झाल्याने ११ जुलै २०२५ रोजी आयोजकांनी २०२५–२६ चा हंगाम स्थगित ठेवत असल्याचे क्लबांना कळविले. ज्या पद्धतीच्या स्थैर्यासाठी गोव्याच्या जुन्या क्लबांना बाजूस व्हावे लागले होते, तीच पद्धत त्यामुळे अनिश्चिततेत सापडली. या वेळी चाहत्यांच्या रोषाला कोणा एका संघाचा प्रशिक्षक कारण नव्हता.

खालिद जमील यांची १ ऑगस्ट २०२५ रोजी भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून नियुक्ती झाली. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई नेशन्स कप स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे स्थान मिळविले आणि त्यांचे कौतुक झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरकडून २–१ असा पराभव होऊन भारताची २०२७ च्या आशियाई चषकाची संधी हुकली, आणि त्यांच्यावर टीकाही झाली. त्यावेळी त्यांना पद स्वीकारून अडीच महिनेच झाले होते व देशातील प्रमुख साखळी स्पर्धा बंद होती. मुंबई एफसी या त्यांच्या जुन्या क्लबचा संघ कूपरेजवर आता खेळत नाही. महाराष्ट्रातून आयएसएलमध्ये मुंबई सिटी हा एकच संघ उरला आहे. कोल्हापुरात मात्र तालमींचे संघ आपापल्या पेठांच्या नावाने आजही मैदानात उतरतात.